पीएफसेन्सवर स्वतःची सीए: शिक्का करायचा कसा आणि सांभाळायचा कसा

२०२४च्या मार्चमध्ये एका मीटिंगमध्ये मी सहज म्हणालो, “मे महिन्यात सीए एक्सपायर होणार आहे, आधीच काहीतरी सोय करायला हवी.” अकाउंट्सच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या डोक्यात ऑडिटला येणारे सीए होते, माझ्या डोक्यात फायरवॉलमधली सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे यंत्रांच्या आणि माणसांच्या डिजिटल ओळखपत्रांवर (सर्टिफिकेटांवर) सही करणारी. हशा पिकला, विषय पुढे गेला. त्या मे महिन्यात काय झालं ते पुढे सांगतो, कारण या लेखातला बराचसा शहाणपणा तिथूनच आलाय.

पीएफसेन्स ही मोफत मिळणारी, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी फायरवॉल, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधला पहारेकरी. लहान कारखाने, पतसंस्था, कॉलेजं अशा ठिकाणी जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरं लॅनकार्ड घालून ती वर्षानुवर्षं चाललेली दिसते. तिच्यात सीए तयार करायला पाच मिनिटं पुरतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पाच मिनिटांत झालेल्या गोष्टीकडे पुढची दहा वर्षं कुणी वळून बघत नाही. म्हणून बटणं कुठली दाबायची हे तर सांगतोच, पण जास्त जागा नंतरच्या कामाला देणार आहे.

आधी शिक्का आणि नमुना

बँकेत चेक वटवायला दिला की कर्मचारी तुमच्या सहीचा नमुना काढून ताडून बघतो. नमुना बँकेकडे असला म्हणून बँक तुमच्या नावाने सही करू शकत नाही. सीएचं नेमकं हेच आहे. तिचे दोन भाग असतात. एक प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारा हात. दुसरं सीएचं सर्टिफिकेट, म्हणजे सहीचा नमुना. नमुना सगळ्यांना वाटायचा, तो गुपित नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तरी बिघडत नाही. की मात्र कुणालाही द्यायची नाही. ती ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या ऑफिसच्या नावाने वाटेल त्याला ‘हा आपला माणूस’ म्हणून सही करून देऊ शकतो.

ही भीती पुस्तकी नाही. जुलै २०१४मध्ये आपल्याच सरकारी एनआयसीच्या (नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या) नावाने गुगलच्या काही डोमेनची बनावट सर्टिफिकेटं निघालेली गुगलला सापडली. एनआयसीच्या सीएला भारताच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजचा शिक्का होता आणि तो शिक्का विंडोज मानत होतं. दुसऱ्याच दिवशी एनआयसीची इंटरमीडिएट सर्टिफिकेटं (मूळ सीएच्या सहीवर चालणाऱ्या मधल्या सीएंची) रद्द झाली. एवढ्या मोठ्या यंत्रणेत असं होऊ शकतं, मग आपली की तर टेबलाखाली धूळ खात पडलेल्या डब्यात असते.

नवी मंडळी हमखास विचारतात म्हणून सांगून टाकतो: ई-टेंडरसाठी किंवा जीएसटीसाठी जे डोंगल लागतं, त्यातलं डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट या घरगुती सीएतून काढता येत नाही. तंत्र तेच, पण ते सर्टिफिकेट माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवाना असलेल्या संस्थेनेच द्यावं लागतं. आपल्या सीएला आपल्या कुंपणाच्या आत किंमत, बाहेर शून्य.

तुम्हाला सीए हवी आहे का?

कंपनीची वेबसाइट बाहेरच्या लोकांसाठी असेल तर स्वतःची सीए नको. तिथे लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेटं देणारी सार्वजनिक सीए वापरा, पीएफसेन्समध्ये त्यासाठी अ‍ॅकमी नावाचं पॅकेज आहे. स्वतःची सीए लागते ती मुख्यतः दोन कामांना. घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनसाठी, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेसाठी, आणि आतल्या यंत्रांची पानं उघडताना ब्राउझर जो लाल इशारा दाखवतो तो घालवण्यासाठी. फायरवॉल, नॅस (नेटवर्कवरचा फाइलींचा साठा), स्विच, प्रिंटर, सगळ्यांचा एकच रडका सूर असतो: ‘हे कनेक्शन खासगी नाही’. लोकांना तो इशारा डोळे मिटून ओलांडायची सवय लागते. मग एक दिवस इशारा खरा असतो आणि लोक तोही ओलांडतात.

व्हीपीएनला मात्र बाहेरची सार्वजनिक सीए कधी लावू नका. व्हीपीएन सर्व्हर ‘या सीएची सही असलेला आपला’ एवढंच बघतो. लेट्स एन्क्रिप्टची सही तर जगातल्या कुठल्याही डोमेनवाल्याला मिळते.

माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या सीए करा. एक व्हीपीएनची, एक आतल्या वेबपानांची. वेबवाल्या सीएचा नमुना तुम्ही ऑफिसच्या सगळ्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर टाकणार, तिची सर्टिफिकेटं प्रिंटरच्या पोटात जाणार. प्रिंटरच्या सर्टिफिकेटाचा आणि व्हीपीएनच्या दाराचा एकमेकांशी संबंध नसलेला बरा.

पहिली पायरी: घड्याळ

सीए करण्याआधी फायरवॉलचं घड्याळ बघा. विनोद नाही. जुन्या डेस्कटॉपची घड्याळ चालवणारी सीमॉसची बॅटरी मेलेली असते, लाइट गेली की तारीख काही वर्षं मागे जाते. त्या चुकीच्या तारखेला केलेली सीए चुकीच्या मुदतीची होते. आणि आधीची सर्टिफिकेटं असतील, तर ती ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असं सांगून फायरवॉल सगळ्यांना बाहेर ठेवते. डॅशबोर्डवर तारीख दिसते. ती बरोबर असेल आणि एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ लावायची सोय) चालू असेल तर पुढे जा. बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळते, जाता जाता बदलून टाका.

दुसरी पायरी: सीए तयार करणं

‘सिस्टिम’ मेनूत नव्या आवृत्त्यांमध्ये ‘सर्टिफिकेट्स’ आहे, जुन्यांमध्ये त्यालाच ‘सर्ट मॅनेजर’ म्हणत. आत तीन टॅब: ऑथॉरिटीज, सर्टिफिकेट्स, रिव्होकेशन. सही करणारे, सही मिळालेले आणि सही काढून घेतलेले. ओपीएनसेन्स ही पीएफसेन्समधूनच निघालेली फायरवॉल वापरत असाल तर हीच गोष्ट ‘सिस्टिम’खालच्या ‘ट्रस्ट’मध्ये सापडेल, तर्क सगळा तोच.

ऑथॉरिटीज टॅबवर ‘अ‍ॅड’ दाबा. पद्धत ‘क्रिएट अ‍ॅन इंटर्नल सर्टिफिकेट ऑथॉरिटी’ ठेवा. आता एकेक रकाना.

‘डिस्क्रिप्टिव्ह नेम’ हे फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. खरं नाव आहे खालचं ‘कॉमन नेम’. तिथे आधीपासून ‘इंटर्नल सीए’ लिहिलेलं असतं आणि निम्मे लोक ते तसंच ठेवतात. ठेवू नका. एका ठिकाणी मला लॅपटॉपमध्ये ‘इंटर्नल सीए’ नावाच्या तीन सीए सापडल्या. एक हेड ऑफिसची, एक गोडाउनची, एक केव्हाची जळालेल्या फायरवॉलची. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवण्यात दुपार गेली. नावात ठिकाण, काम आणि वर्ष असू द्या, ‘सांगली ऑफिस व्हीपीएन सीए २०२५’ अशा धर्तीवर. नाव इंग्रजीतच लिहा. देवनागरी चालवून बघायची हौस मलाही आहे, पण ती हौस भागवायची ही जागा नव्हे. हे नाव नंतर बदलता येत नाही.

‘रँडमाइझ सिरियल’ वर टिक करा. यामागे एक छळवादी कारण आहे. फायरवॉल बिघडली, नवी बसवली, तुम्ही जुन्याच नावाने नवी सीए केली आणि सर्टिफिकेटांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले, की फायरफॉक्सला एकाच नावाची, एकाच नंबरची, पण वेगळी सर्टिफिकेटं दिसतात. तो सरळ अडून बसतो. ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटणसुद्धा देत नाही. नंबर आपोआप, कसेही पडू दिले की ही भानगड उद्भवत नाही.

कीचा प्रकार आरएसए ठेवा, सीएसाठी ४०९६ बिट, बाकीच्या सर्टिफिकेटांसाठी २०४८. ईसीडीएसए नवीन आणि चपळ आहे, पण दहा वर्षांचा प्रिंटर ते बघून तोंड फिरवतो. डायजेस्ट (सही करण्याआधी मजकुराचा ठसा काढायची पद्धत) शा-२५६. शा-१ हा पर्याय दिसला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका, २०१७मध्येच तो सगळ्यांसमोर फोडून दाखवलाय.

‘लाइफटाइम’मध्ये ३६५० दिवस असतात. तेवढे राहू द्या. देशाच्या जागी भारताचा दोन अक्षरी कोड, राज्य, शहर, संस्थेचं नाव भरा किंवा मोकळं सोडा, चालण्यावर फरक पडत नाही. सेव्ह. झाली सीए.

ते ३६५० दिवस

आता त्या मे महिन्याकडे. आमची व्हीपीएनची सीए माझ्या आधीच्या गृहस्थांनी १२ मे २०१४ रोजी केली होती. त्यांनी रजिस्टरमध्ये सुबक अक्षरात नोंदही ठेवली होती: ‘मुदत १० वर्षे’. मी हिशोब केला, १२ मे २०२४. कॅलेंडर बघितलं तर रविवार. वा! आठवड्याची सुट्टी, कुणी व्हीपीएनवर नसणार, निवांत बसून बदलू. शनिवारी संध्याकाळी बॅकअप, रविवारी सकाळी काम.

गुरुवारी, ९ तारखेला, सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. दहापर्यंत अकरा. बाहेरच्या चाळीस लोकांपैकी एकालाही आत येता येईना. मी वापरकर्त्यांची सर्टिफिकेटं तपासली, सगळी नवी. पासवर्ड बरोबर. इंटरनेट चालू. अर्ध्या तासाने लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट हॅज एक्सपायर्ड’ ही ओळ नीट वाचली, आणि ती वापरकर्त्याबद्दल नसून त्याच्या वरच्या पायरीबद्दल, सीएबद्दल, आहे हे लक्षात आलं. दहा वर्षं म्हणजे ३६५० दिवस नव्हेत. मधे २०१६, २०२० आणि २०२४ अशी तीन लीप वर्षं येऊन गेली होती. तीन २९ फेब्रुवारींनी माझे तीन दिवस खाल्ले.

मुदत स्वतः मोजू नका. ऑथॉरिटीजच्या यादीत प्रत्येक सीएसमोर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं, ते वाचा. शिवाय ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ई-मेलचा सर्व्हर भरा आणि सर्टिफिकेट संपत आल्याची सूचना चालू आहे ना बघा. ती ठरलेल्या मुदतीपेक्षा २७ दिवस आधीपासून बोंब मारायला लागते. एखाद्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटाला २७ दिवस भरपूर झाले. सीएला अपुरे आहेत, म्हणून सीएची तारीख मी एक वर्ष आधीच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. वर्ष कशाला लागतं ते शेवटाकडे येईल.

तिसरी पायरी: सर्टिफिकेटं काढणं

सर्टिफिकेट्स टॅब, ‘अ‍ॅड’, ‘क्रिएट अ‍ॅन इंटर्नल सर्टिफिकेट’. सीए निवडताना यादीतली बरोबर सीए निवडलीय ना, दोनदा बघा.

‘सर्टिफिकेट टाइप’ला दोन पर्याय आहेत, यूजर आणि सर्व्हर. घाईत सगळे एकाच प्रकारचे काढले तरी कधीकधी चालून जातं, म्हणून लोक गंभीरपणे घेत नाहीत. पण विचार करा. व्हीपीएनचा क्लायंट समोरच्याकडे सर्व्हरचं सर्टिफिकेट आहे ना हे तपासतो. ही तपासणी नसती, तर तुमचाच एखादा कर्मचारी स्वतःचं यूजर सर्टिफिकेट पुढे करून ‘मीच ऑफिसचा सर्व्हर’ म्हणून दुसऱ्यांना गंडवू शकला असता. सर्वांना सर्व्हर सर्टिफिकेट वाटलंत, तर ही भिंत तुम्हीच पाडली.

वेबपानाच्या सर्टिफिकेटात एक रकाना चुकला की सगळं फुकट: ‘अल्टरनेटिव्ह नेम्स’. २०१७च्या क्रोम ५८पासून ब्राउझर कॉमन नेमकडे बघतच नाही, फक्त इथली नावं बघतो. लोक ज्या ज्या प्रकारे ते पान उघडतात ते सगळे पत्ते इथे भरा. नॅस कुणी नावाने उघडतं, कुणी आयपीने. मग एक ओळ ‘एफक्यूडीएन ऑर होस्टनेम’ची आणि एक ‘आयपी अ‍ॅड्रेस’ची. आयपी पत्ता होस्टनेमच्या प्रकारात टाइप करून वर ‘चालत नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत. त्यात मीही होतो.

नावांचाच विषय निघालाय तर, आतल्या यंत्रांना डॉट लोकलने संपणारी नावं देऊ नका, ते शेपूट मोबाइल आणि मॅक आपापसात एकमेकांना शोधायला वापरतात. होम डॉट आर्पा किंवा २०२४मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेलं डॉट इंटर्नल घ्या.

सर्व्हर सर्टिफिकेटाची मुदत ३९८ दिवस ठेवा. बाहेरच्या सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत तर आणखी आखडत चाललीय: १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १००, २०२९च्या मार्चपासून ४७. तो नियम आपल्या घरगुती सीएला लागू नाही. पण अ‍ॅपलची यंत्रं आपल्या सीएचं सर्व्हर सर्टिफिकेटही ८२५ दिवसांपेक्षा लांब असेल तर नाकारतात. ‘साहेबांच्या आयफोनवरच पान उघडत नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते.

फायरवॉलच्या स्वतःच्या पानाला नवं सर्टिफिकेट लावायचं तर ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस’. ते लावताना दुसऱ्या टॅबमध्ये फायरवॉल उघडी ठेवा आणि शक्यतो तिच्या शेजारी बसून करा.

व्हीपीएनच्या माणसांसाठी वेगळं पान उघडायचीही गरज नाही. ‘यूजर मॅनेजर’मध्ये नवा वापरकर्ता करतानाच सर्टिफिकेट तयार करण्याची टिक असते, त्यात यूजरनेम हेच कॉमन नेम होतं. माणशी एक सर्टिफिकेट. ‘सेल्स’ नावाचं एकच सर्टिफिकेट सात जणांना वाटलंत, तर सातातला एक सोडून गेला की उरलेल्या सहांची सर्टिफिकेटं बदलत बसाल. आणि ओपनव्हीपीएनच्या (पीएफसेन्समधल्या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या) सर्व्हरमध्ये ‘स्ट्रिक्ट यूजर-सीएन मॅचिंग’ चालू करा, म्हणजे एकाचं सर्टिफिकेट आणि दुसऱ्याचा पासवर्ड अशी खिचडी चालणार नाही.

चौथी पायरी: नमुना वाटणं

ऑथॉरिटीजच्या यादीत उजवीकडे छोटी चित्रं आहेत. माउस त्यावर ठेवला की नाव दिसतं. ‘एक्सपोर्ट सीए’ म्हणजे नमुना, तो घ्या. किल्लीचं चित्र म्हणजे प्रायव्हेट की. त्याला हात लावायचा तो एकदाच, बॅकअपपुरता. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आहेत, हे ज्याने आखलं त्याला माझा नमस्कार.

विंडोजवर फाइल डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा, ‘लोकल मशीन’ निवडा, आणि पुढच्या पानावर ‘आपोआप कप्पा निवडा’ हा पर्याय सोडून स्वतः ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ निवडा. आपोआपवर सोडलं की सर्टिफिकेट भलत्याच कप्प्यात जाऊन बसतं, विंडोज ‘इम्पोर्ट यशस्वी’ म्हणतं आणि लाल इशारा तसाच राहतो. ऑफिसचे संगणक विंडोजच्या डोमेनमध्ये असतील तर ग्रुप पॉलिसीने एकदाच सगळीकडे पाठवा. फायरफॉक्सचा स्वतःचा वेगळा साठा असतो. विंडोजने मानलेलं त्याने मानलं नाही, तर त्याच्या सेटिंगमधून वेगळं इम्पोर्ट करावं लागतं.

आयफोनवर दोन टप्पे आहेत आणि दुसरा हमखास विसरला जातो. प्रोफाइल इन्स्टॉल केल्यावर ‘जनरल’, ‘अबाउट’ आणि अगदी तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’मध्ये जाऊन त्या सीएसमोरचं बटण हिरवं करायचं. अँड्रॉइडवर सेटिंगमधून टाकता येतं, क्रोम ते मानतो. पण अँड्रॉइड ७पासून बाकीची अ‍ॅप्स आपण टाकलेली सीए आपणहून मानत नाहीत. नॅसचं अ‍ॅप तक्रार करत राहिलं तर तुमचं काही चुकलेलं नाही.

इथे एक गोष्ट मनाला लागून राहते म्हणून लिहितो. तुम्ही ज्याच्या खासगी मोबाइलवर आपली सीए टाकता, त्याच्या मोबाइलला तुम्ही ‘हा म्हणेल ती साइट खरी’ असं सांगता. त्यात त्याची बँकही आली. नेटवर्क आपल्या हातात आणि शिक्काही आपल्या हातात असेल तर त्याचं बोलणं मधे वाचता येतं. म्हणून मी ऑफिसच्या यंत्रांवर बिनधास्त टाकतो, माणसांच्या स्वतःच्या फोनवर टाकत नाही. लाल इशारा दिसला तर दिसू दे.

पाचवी पायरी: कीचा ठावठिकाणा

पीएफसेन्सचा बॅकअप म्हणजे एक एक्सएमएल फाइल. तिच्यात सगळं असतं, सीएची प्रायव्हेट कीसुद्धा. ती बेस-६४मध्ये लिहिलेली असल्यामुळे अगम्य दिसते, पण ते कुलूप नव्हे, नुसती वेगळी लिपी आहे. कुणीही दोन सेकंदांत उलटं करू शकतो. आणि ही फाइल लोक कुठे ठेवतात? स्वतःला मेल करून. पेन ड्राइव्हवर, ज्यात मुलाचा प्रोजेक्टही आहे. ‘बॅकअप अँड रिस्टोअर’च्या पानावर फाइल एन्क्रिप्ट करण्याची टिक आहे. ती लावा, मोठा पासवर्ड द्या, आणि तो पासवर्ड फाइलच्या शेजारी ठेवू नका.

आपल्याकडे आणखी एक नाजूक जागा आहे: एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. फायरवॉल बसवून देणाऱ्याकडे बॅकअपची प्रत असतेच, नसली तर तो बरा इंजिनिअर नाही. पण करार संपला, नवा माणूस आला, तरी ती प्रत जुन्याकडेच राहते. त्याच्या मनात काही नसेलही. त्याचा लॅपटॉप मात्र चोरीला जाऊ शकतो. एएमसी बदलली की ऑफिसच्या दाराचं कुलूप आपण बदलतो, तशी व्हीपीएनची सीए नवी करा. त्रास आहे. पन्नास माणसांपर्यंत दोन दिवसांचा त्रास आहे.

मोठ्या संस्थांमध्ये मूळ सीए फायरवॉलवर ठेवतच नाहीत. नेटला कधीही न जोडलेल्या एका संगणकावर ती एक्ससीएसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतात, कपाटात बंद ठेवतात, आणि फायरवॉलवर तिने सही केलेली इंटरमीडिएट सीए देतात. फायरवॉल फुटली तर इंटरमीडिएट रद्द, मूळ शाबूत. वीसपंचवीस माणसांच्या ऑफिसला मी याचा आग्रह धरणार नाही. तो संगणक आणि त्याचा पासवर्ड तीन वर्षांनी सापडणारच नाही, हे मला माहीत आहे.

सहावी पायरी: सही काढून घेणं

माणूस नोकरी सोडून जातो आणि आयटीला ते त्याच्या सेंड ऑफचा केक बघून कळतं. अशा वेळी नवखा हात सर्टिफिकेट्सच्या यादीत जातो आणि त्या माणसाचं सर्टिफिकेट डिलीट करतो. यादीतून गेलं, म्हणून समाधान. पण त्याच्या लॅपटॉपमधली प्रत जिवंतच आहे, सही खरी आहे, मुदत बाकी आहे. तुम्ही फक्त तुमच्याकडची नोंद फाडलीत.

बरोबर रस्ता असा. रिव्होकेशन टॅबवर जाऊन व्हीपीएनच्या सीएसाठी एक यादी तयार करा, तिला सीआरएल म्हणतात. त्या यादीत त्या माणसाचं सर्टिफिकेट कारण निवडून टाका. आणि मग, हे विसरू नका, ओपनव्हीपीएनच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘पीअर सर्टिफिकेट रिव्होकेशन लिस्ट’समोर ती यादी निवडा. छान भरलेली पण कुठेच न जोडलेली सीआरएल मी पाहिलेली आहे. नावं चौदा होती, चौदाही जण आत येऊ शकत होते.

तो माणूस त्या क्षणी जोडलेला असेल तर आपोआप लगेच तुटेलच असं नाही. ‘स्टेटस’, ‘ओपनव्हीपीएन’मध्ये जाऊन त्याच्या नावासमोरचा फुलीचा बटण दाबा, आणि यूजर मॅनेजरमध्ये त्याचं खातंही बंद करा.

सीआरएललाही स्वतःची मुदत असते. ती संपली की ओपनव्हीपीएन ‘यादी शिळी आहे, मी कुणालाच ओळखत नाही’ म्हणून दार लावून घेतो, निर्दोष लोकांनाही. म्हणून सीएच्या तारखेशेजारी तिचीही तारीख लिहून ठेवा. ब्राउझर या यादीकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे नॅसच्या सर्टिफिकेटाची की फुटली तर सीआरएलवर विसंबू नका, त्यासाठीच त्याची मुदत लहान ठेवायची.

सातवी पायरी: सीएचं नूतनीकरण

पीएफसेन्स २.५पासून ऑथॉरिटीजच्या यादीत नूतनीकरणाचं चित्र आलं. आत ‘रीयूज की’ आणि ‘रीयूज सिरियल’ या दोन टिका आहेत. नवी की घेतलीत तर आजवर दिलेली सगळी सर्टिफिकेटं निकामी होतात, ती पुन्हा काढावी लागतात. की फुटल्याची शंका नसेल तर दोन्ही टिका ठेवा. सिरियलचीही ठेवायची, कारण दिलेल्या सर्टिफिकेटांमध्ये सही करणाऱ्याचा नंबर लिहिलेला असू शकतो आणि तो बदलला तर ओळख पटत नाही. फायरफॉक्समध्ये जुनी सीए हाताने टाकली असेल, तर आधी ती काढा आणि मग नवी टाका.

नूतनीकरण झालं म्हणजे फायरवॉलच्या बाजूचं काम झालं. लोकांच्या लॅपटॉपमध्ये नमुना जुनाच आहे, जुन्याच मुदतीचा. तो संपेपर्यंत दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणून वर्षभर आधी नूतनीकरण करायचं आणि मग सावकाश, कुणाचा लॅपटॉप दुरुस्तीला आला, कुणी पासवर्ड विसरला, की तेवढ्यात नवा नमुना टाकून द्यायचा. त्या गुरुवारी माझ्याकडे वर्ष नव्हतं. फायरवॉलवर दोन मिनिटांत नूतनीकरण झालं आणि चाळीस लॅपटॉपांवर एनीडेस्कने (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरने) एकेकाला जोडून नमुना बदलेपर्यंत शनिवारची रात्र झाली. रविवारी सुट्टी मिळाली, ठरल्याप्रमाणे.

सगळं लावून झालं की लगेच एक तालीम करा. ‘चाचणी’ नावाचा वापरकर्ता काढा, त्याचं सर्टिफिकेट मोबाइलमध्ये टाका, वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून व्हीपीएन जोडा. जोडलं गेलं पाहिजे. मग ते सर्टिफिकेट सीआरएलमध्ये टाका आणि पुन्हा जोडून बघा. फोनवर नुसतंच चक्र फिरत राहील. ‘स्टेटस’, ‘सिस्टिम लॉग्ज’, ‘ओपनव्हीपीएन’मध्ये बघा, ‘सर्टिफिकेट रिव्होक्ड’ अशी ओळ आलेली असेल. नसेल आली, तर सीआरएल सर्व्हरला जोडायची राहिलीय. सहाव्या पायरीवर परत जा.